कवितेच्या छोट्या नियतकालिकाचे वर्गणीदार होताना

कवितेला वाहिलेले छोटे नियतकालिक दुकानात सहसा मिळत नाही, आणि त्याचे कारण वाचकांची उदासीनता एवढेच नसते. पन्नास-साठ पानांच्या अंकावर विक्रेत्याला सुटणारे कमिशन इतके तुटपुंजे असते आणि न खपलेले अंक परत मागवण्याचा व्याप इतका नकोसा असतो, की बहुतेक संपादक दुकानांच्या वाटेला जातच नाहीत. ते वर्गणीदारांच्या यादीवर आणि टपालावर विसंबतात. त्यामुळे ज्याला असे नियतकालिक वाचायचे आहे, त्याला ते आपण होऊन शोधावे लागते. पुढे जे लिहिले आहे ते या शोधाबद्दल, अंक हाती आल्यावर तो वाचावा कसा याबद्दल आणि तो टिकावा यासाठी एका वाचकाला काय करता येते याबद्दल आहे. माझ्या मते या तीन गोष्टी वेगळ्या नाहीत. ज्याला अंक नीट वाचता येतो त्याला तो टिकवण्याची रीत वेगळी शिकवावी लागत नाही, आणि जो न वाचता केवळ मदत म्हणून वर्गणी भरतो तो दोन वर्षांत गळतो.

नाशिककराला सुरुवात वाचनालयापासून करता येते. इथले सार्वजनिक वाचनालय १८४० साली स्थापन झालेले आहे. तिथे किंवा आपल्या भागातल्या कोणत्याही वाचनालयात नियतकालिकांच्या टेबलाजवळ बसावे आणि रंगीत मासिके बाजूला सारून ज्याचे मुखपृष्ठ बहुधा एका-दोन रंगांत उरकलेले असते असा अंक शोधावा. टेबलावर दिसला नाही तर ग्रंथपालांना विचारावे, कारण मागणी नसलेली नियतकालिके कपाटात जातात आणि कपाटात गेली की त्यांना मागणी येत नाही. अंक मिळाला की कवितांकडे वळण्यापूर्वी आतले पहिले पान आणि मलपृष्ठाची आतली बाजू पाहावी. तिथे बारीक टायपात पत्रव्यवहाराचा पत्ता, वार्षिक वर्गणी, बँकेचा तपशील आणि ‘वर्ष अमुक, अंक तमुक’ अशी नोंद असते. ही नोंद आणि मुखपृष्ठावरचा महिना ताडून पाहिला, की अंक वेळेवर निघतो की दोन-दोन अंक एकत्र करून ‘जोडअंक’ काढावा लागतो, हे कळते. जोडअंक दिसला म्हणून नाक मुरडू नये. त्यामागचा हिशेब पुढे सांगितला आहे.

एका अंकावरून मात्र निर्णय घेऊ नये. लागोपाठचे दोन अंक आणि जमल्यास चार-पाच वर्षांपूर्वीचा एक, असे तीन अंक समोर ठेवावेत. तिन्ही अंकांत तीच आठ-दहा नावे आलटून पालटून येत असतील, परीक्षणे एकमेकांच्या संग्रहांची असतील आणि संपादकीयात समारंभांचीच वर्णने असतील, तर ते नियतकालिक सौजन्याने परत ठेवून द्यावे. कवितेचे असले म्हणजे प्रत्येक नियतकालिक जगवलेच पाहिजे असे काही नाही. उलट ज्यात पूर्वी कधी न ऐकलेली दोन-तीन नावे आहेत, एखादा तरी अनुवाद आहे आणि एखाद्या प्रसिद्ध कवीच्या संग्रहाबद्दल कुणीतरी स्पष्टपणे नापसंती नोंदवली आहे, तिथे संपादक जागा आहे असे समजावे आणि पत्ता उतरवून घ्यावा.

उत्तर महाराष्ट्रातल्या वाचकाला या खटाटोपाचे नवल वाटू नये, कारण केवळ कवितेसाठी नियतकालिक चालवण्याचा हट्ट बराचसा आपल्याच बाजूचा आहे. नारायण नरसिंह फडणीस यांनी ‘काव्यरत्नावली’ हे मासिक १८८७ साली सुरू केले ते जळगावात, आणि केशवसुतांसारख्या कवीच्या कविता तिथे छापून आल्या. त्याच जळगावात १९०७ साली भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या वयाच्या कवीला ‘बालकवी’ हे नाव मिळाले. पुढे १९८५ साली पुरुषोत्तम पाटील यांनी ‘कविता-रती’ हे कविता आणि काव्यविचार यांना वाहिलेले द्वैमासिक काढले ते धुळ्याहून, म्हणजे नाशिकपासून आग्रा महामार्गाने तीन तासांच्या अंतरावरून. मुंबईची परंपरा निराळी आहे. तिथे १९५०च्या दशकात अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ या तरुणांनी ‘शब्द’चे अंक सायक्लोस्टाइल करून, म्हणजे छापखान्याऐवजी स्टेन्सिलवरून प्रती काढून, काढले आणि साठच्या दशकात तशा अंकांची रांगच लागली, ते ठरल्या दिवशी निघत नसत, म्हणून त्यांना ‘अनियतकालिके’ म्हणत आणि काढणारेही ते नाव मिरवत. खुद्द नाशिकमध्ये तर कवितांच्या एका छोट्या प्रकाशनाने इतिहासच घडवला. ‘लघु अभिनव भारतमाला’ या नावाने प्रसिद्ध केलेल्या कवितांवरून बाबाराव सावरकरांना १९०९ साली जन्मठेपेची शिक्षा झाली. आज कुणी संपादकाला तुरुंगात घालत नाही. त्याला फक्त वर्गणी पाठवायला विसरतात.

आता वाचनाकडे. अंक आल्यावर तो एका बैठकीत संपवण्याचा मोह आवरावा. साठ पानांत पन्नास कविता असतील तर त्या पन्नास निरनिराळ्या माणसांनी निरनिराळ्या ठिकाणी, बहुधा फार सावकाश, लिहिलेल्या असतात. त्या तासाभरात उरकल्या तर शेवटी एकच गुळमुळीत चव जिभेवर राहते. द्वैमासिक असेल तर हाताशी साठ दिवस आहेत. रोज सकाळी एक कविता, फार तर दोन, एवढा वेग पुरतो. मी स्वतः सकाळचा चहा आणि वर्तमानपत्र यांच्या मधली दहा मिनिटे यासाठी ठेवली आहेत, कारण वर्तमानपत्र एकदा उघडले की कवितेला लागणारे कान बंद होतात, असा माझा अनुभव आहे.

वाचताना कवीचे नाव झाकावे. छोट्या अंकात नाव बहुधा कवितेच्या वर असते आणि ओळखीचे नाव दिसले की आपण कविता न वाचता कवीविषयीचे आपले जुने मत वाचू लागतो. पोस्टकार्डाच्या आकाराचा जाड कागद अंकातच ठेवून द्यावा आणि पान उलटताच तो नावावर सरकवावा. हा प्रकार पोरकट वाटेल, पण दोन-तीन अंक असे वाचले की आपली कितीतरी मते उसनी होती हे उमगते. नामवंतांच्या काही कविता नुसत्या सवयीने लिहिलेल्या दिसतात, आणि कळवण किंवा सुरगाण्याहून पहिल्यांदाच कविता पाठवणाऱ्या एखाद्याची ओळ दिवसभर डोक्यात घोळत राहते.

दुसरे पथ्य मोठ्याने वाचण्याचे. मराठी कवितेचा पाया कानावर रचलेला आहे. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत अनुक्रमे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे असतात. तो शेवटचा चार अक्षरांचा चरण येतो तेव्हा पायरी चुकल्यासारखे क्षणभर थबकायला होते आणि नेमके त्याच जागी अभंगाचे मर्म ठेवलेले असते. आजची बहुतेक कविता मुक्तछंदात किंवा त्याहूनही मोकळी लिहिली जात असली, तरी असे थबकणे तिच्यातही असते आणि ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ओळ जिथे तुटली आहे तिथे श्वास घेऊन पाहावा. तो तिथे सहज घेतला जात असेल तर कवीने ओळ ऐकून तोडली आहे, आणि घेतला जात नसेल तर कागदाची रुंदी पाहून. बोलीतली कविता असेल तर मोठ्याने वाचण्यावाचून गत्यंतरच नाही. आपल्या जिल्ह्यात मालेगाव-सटाण्याकडे अहिराणी आहे, पेठ-सुरगाण्याकडे कोकणा आहे, आणि छोट्या नियतकालिकांत या बोलींना मोठ्या मासिकांपेक्षा अधिक सहज जागा मिळते. ती बोली आपली नसेल तर जिची आहे अशा माणसाकडून कविता वाचून घ्यावी आणि अर्थ नंतर विचारावा.

बोली तर दूरच, साध्या शब्दानेही कशी फसगत होते याचे एक उदाहरण मला विसरता येत नाही. आम्ही चौघी-पाचजणी महिन्यातून एकदा गंगापूर रस्त्यावर एकीच्या घरी जमून अंक वाचतो. एका अंकात एका तरुण कवीची कविता होती. तीत बाप रात्री उठून चाळीत जाऊन बसतो, अंधारात हात फिरवून पाहतो आणि वासावरून काय ते ओळखून परत येऊन निजतो, एवढाच प्रसंग होता. आमच्यातली एक मैत्रीण मुंबईत वाढलेली. तिने गिरणगावातली चाळ, संप, बेकारी असा सगळा अर्थ फार हळवेपणाने उलगडून दाखवला आणि आम्ही माना डोलावल्या. निफाडची माझी जाऊ त्या दिवशी सहज आली होती. ती म्हणाली, “अहो, ती कांद्याची चाळ आहे.” उन्हाळ कांदा काढल्यावर भाव येईपर्यंत तो चार-पाच महिने ज्या हवेशीर, जमिनीपासून उचललेल्या, बाजूंनी बांबूच्या किंवा जाळीच्या कुडात साठवतात, ती चाळ. आत एखादा कांदा सडला की वास सुटतो आणि तो शेजारच्यांना घेऊन जातो. बापाने अंधारात काय ओळखले हे त्याबरोबर सगळ्यांना कळले. कविता तीच होती, पण ती आता दुसऱ्या माणसाची झाली.

या प्रसंगातून मी दोन गोष्टी करायला शिकले. एक म्हणजे अर्थ लागला असे वाटल्यावरही कवितेतली वस्तू पुन्हा एकदा तपासायची: चाळ कसली, छाटणी कशाची, वाडा कुणाचा. दुसरी गोष्ट म्हणजे संपादकाला पत्र लिहायचे. मी झालेली सगळी फजिती लिहून कळवली. पत्र पुढच्या अंकात छापून आले आणि तीन महिन्यांनी त्या कवीचे पोस्टकार्ड आले. त्याने लिहिले होते की ‘चाळ’ या शब्दाला तळटीप द्यावी असे संपादकांनी सुचवले होते, पण त्याने ती नाकारली होती. त्याने नाकारले ते बरेच केले, असे मला अजूनही वाटते.

कवितांनंतर समीक्षालेख वाचावेत, आधी वाचू नयेत. संपादकीय सर्वांत शेवटी वाचावे, कारण चांगला संपादक तिथे अंकाची दिशा सांगतो आणि ती आधी कळली तर आपण त्याच दिशेने चालू लागतो. शेवटच्या पानांवर ‘पोच’ किंवा ‘स्वीकार’ या मथळ्याखाली नव्याने आलेल्या संग्रहांची यादी असते; तिच्याकडे बहुतेक वाचक ढुंकूनही पाहत नाहीत. ज्या संग्रहांचे वर्तमानपत्रांत नावही येत नाही ते इथे प्रकाशक आणि किमतीसह नोंदवलेले असतात, आणि आमच्या गटाने गेल्या काही वर्षांत विकत घेतलेले निम्मे संग्रह या यादीतून निवडलेले आहेत.

अंकाची घडण थोडी समजून घेतली तर वाचनात वेगळाच रस येतो. ऑफसेट छपाईत पाने सुटी छापली जात नाहीत. एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा, साधारणपणे सोळा पानांचा, एक फर्मा असतो आणि चार फर्म्यांचा अंक चौसष्ट पानांचा होतो. सदुसष्ट पानांचा मजकूर तयार झाला तर संपादकापुढे दोनच वाटा उरतात: तीन पाने गाळायची, नाहीतर निदान अर्धा फर्मा वाढवून उरलेल्या पानांची सोय लावायची. कवितेत हा पेच अधिक कठीण होतो, कारण लेखाचे चार परिच्छेद कमी करता येतात, कवितेचे करता येत नाहीत. एका पानावर दोन छोट्या कविता दाटीवाटीने बसवलेल्या दिसल्या, किंवा दीर्घ कवितेची शेवटची दोन कडवी बारीक टायपात गेलेली दिसली, तर तिथे संपादक रात्री उशिरापर्यंत कात्री हातात घेऊन बसला असणार असे खुशाल समजावे. याउलट बारा ओळींच्या कवितेला ज्याने सबंध पान दिले आहे त्याने ती जागा खिशातून दिलेली असते.

खिशाचा विषय निघालाच आहे, तर हिशेब मांडूनच टाकते. नोकरीची तीस वर्षे हिशेबतपासणीत गेल्यामुळे ही खोड जात नाही. समजा एका द्वैमासिकाची वार्षिक वर्गणी ५०० रुपये आहे आणि वर्गणीदार ३०० आहेत. वर्षाला १,५०,००० रुपये जमले पाहिजेत, म्हणजे सहा अंकांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला २५,००० रुपये येतात. त्यात अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, प्लेट, कागद, छपाई, बांधणी, पाकिटे आणि टपाल भागवायचे. आता यातल्या ६० जणांनी ‘पुढच्या महिन्यात भरू’ असे म्हणून वर्गणी लांबवली, तर ३०,००० रुपये येत नाहीत. ही रक्कम एका अंकाच्या खर्चाहून जास्त आहे. जोडअंक जन्माला येतो तो बहुतेकदा असा. प्लेट आणि मशीनचा खर्च ३०० प्रतींना लागतो जवळजवळ तेवढाच ५०० प्रतींना लागत असल्यामुळे खर्च वाचवायला प्रती कमी करूनही फारसा उपयोग होत नाही. वर्गणीदार वाढणे किंवा असलेल्यांनी वेळेवर पैसे देणे, एवढेच उपाय उरतात. टपालखात्याकडूनही फारशी आशा नाही. १८९८ च्या टपाल कायद्यात वृत्तपत्रांच्या सवलतीसाठी दोन अंकांमध्ये ३१ दिवसांहून अधिक अंतर नसावे आणि खऱ्याखुऱ्या वर्गणीदारांची यादी असावी अशा अटी होत्या. द्वैमासिके आणि त्रैमासिके पहिल्याच अटीत बाद होत. भरवशाने पाठवायचे म्हणून काहीजण अंक रजिस्टर करत, तर ती सेवाही २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये देशाची टपाल तिकिटे छापली जातात, आणि इथल्याच वाचकाला वाटते की अंक घरी येतो तो फुकट येतो!

म्हणून वर्गणी संपण्याच्या महिनाभर आधी भरावी. पाकिटावरच्या पत्त्याच्या लेबलावर पुष्कळदा वर्गणी कोणत्या अंकापर्यंत आहे ते छापलेले असते; पाकीट फाडून टाकण्याआधी ते पाहावे आणि कॅलेंडरवर खूण करावी. पैसे यूपीआयने पाठवणार असाल तर एक काळजी अवश्य घ्यावी. पूर्वी मनीऑर्डरच्या कुपनावर पाठवणाऱ्याचे नाव-गाव आपोआप जाई आणि लोक त्या चिमुकल्या जागेत अंकाविषयी दोन ओळीही लिहीत. आता खात्यात ५०० रुपये जमा झाल्याचा संदेश येतो आणि ते कुणाचे हे कळायला मार्ग नसतो, कारण मोबाइल मुलाच्या नावावर असतो आणि वर्गणी वडिलांची असते. पैसे पाठवल्याबरोबर पूर्ण नाव, पत्ता, पिनकोड, वर्गणीदार क्रमांक असल्यास तो, आणि व्यवहाराचा क्रमांक असा वेगळा संदेश पाठवावा. कुणाचे आहेत ते न कळलेले पैसे प्रत्येक संपादकाच्या वहीत असतात, आणि तिकडे वर्गणी भरूनही अंक येत नाही म्हणून रागावलेले वाचकही असतात.

आजीव वर्गणीबद्दल माझे मत थोडे कडू आहे. वीस वर्षांपूर्वी घेतलेली आजीव वर्गणी त्याच वर्षीच्या कागदात खर्ची पडलेली असते. त्यानंतरचा प्रत्येक अंक संपादक पदरमोड करून पाठवत असतो आणि आजीव सभासदाचे आयुष्य तर देवदयेने लांबतच जाते. जे आजीव आहेत त्यांनी तो कागद कपाटात ठेवावा आणि आजच्या दराने दरवर्षी वर्गणी पाठवत राहावे. नव्याने वर्गणीदार होणाऱ्यांनी वार्षिक किंवा त्रैवार्षिकच भरावी. कवींबद्दलही एक शब्द लिहायला हवा. अनेक नियतकालिकांना कविता पाठवणाऱ्यांची संख्या वर्गणीदारांपेक्षा मोठी असते. कविता पाठवण्यापूर्वी निदान वर्षभराचे अंक वाचलेले असावेत, चार-पाचच कविता पाठवाव्यात, त्याच कविता त्याच वेळी दुसरीकडे पाठवू नयेत आणि आठव्या दिवशी फोन करू नये. वर्गणी भरली म्हणून कविता छापली जाईल अशी अपेक्षाही ठेवू नये. ज्या अंकात तसे घडते त्या अंकाची वर्गणी बंद करावी.

पैशांनंतर सर्वांत मोलाचे म्हणजे पत्र, आणि ते कसे लिहावे याला थोडी रीत आहे. ‘अंक वाचनीय झाला आहे, मुखपृष्ठ सुरेख’ या मजकुराने कुणाचेच काही होत नाही. कवितेचे नाव आणि पान लिहावे, कोणती ओळ लक्षात राहिली ते लिहावे, आणि जिथे अडखळायला झाले ती जागा दाखवावी. नापसंती कळवायला संकोचू नये, पण तीही तितकीच नेमकी असावी; ‘हल्लीची कविता कळत नाही’ ही तक्रार संपादकाने हजारदा ऐकलेली असते, पण ‘अठ्ठावीसाव्या पानावरच्या कवितेत तिसऱ्या कडव्यानंतर बोलणारा माणूस बदलतो की काय, हे समजले नाही’ असे लिहिले तर ते पत्र कवीकडे जाते. जिची पहिलीच कविता छापून आली आहे अशा मुलीला देवळ्यात किंवा नांदगावात आपल्या कवितेवर अनोळखी माणसाचे पत्र येते, तेव्हा काय होते हे मी कधी समोर पाहिलेले नाही. पण तशा एका मुलीने पुढे आमच्या गटाला आपला संग्रह पाठवला, त्यात आमचे ते पत्र घडी घालून ठेवलेले होते.

गावातल्या गावात करण्यासारखी कामेही आहेत. आपली दुसरी वर्गणी आपल्या शाळेच्या किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या नावाने भरावी, आणि अंक तिथे खरोखर टेबलावर येतो की नाही हे सहा महिन्यांनी जाऊन पाहावे. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी शहरभर मराठी भाषा गौरव दिनाचे कार्यक्रम होतात, पाहुण्यांना शाल आणि नारळ दिला जातो. त्याऐवजी एखाद्या काव्यनियतकालिकाची वर्षाची वर्गणी पाहुण्यांच्या नावे भरून तिची पावती द्यावी, असा प्रस्ताव मी आमच्या वसाहतीच्या मंडळात मांडला होता. पहिल्या वर्षी तो हसण्यावारी गेला, दुसऱ्या वर्षी मंजूर झाला, पण शाल राहिलीच. दुकान किंवा दवाखाना असणाऱ्यांनी अर्ध्या पानाची जाहिरात द्यावी. संपूर्ण अंकाची छायाचित्रे काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे ही मात्र मदत नव्हे. कविता कवीची असते, आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे कवीच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे तिचा हक्क राखलेला असतो. एखादी कविता फारच आवडली तर संपादकाला विचारून ती एकच पाठवावी आणि तिच्याखाली कवीचे नाव, अंकाचे नाव आणि वर्गणीचा पत्ता द्यावा.

घर बदलले तर पत्ता कळवावा. हे इतके उघड आहे की मी स्वतः ते विसरले. इंदिरानगरहून पाथर्डी फाट्याला राहायला गेले तेव्हा वीज, गॅस, बँक अशा सगळ्या ठिकाणी अर्ज दिले आणि संपादकांना मात्र कळवले नाही. अंक येईना, तेव्हा मनात त्यांनाच बोल लावत राहिले. वर्षभराने रागाने फोन केला, तर पलीकडून शांतपणे सांगण्यात आले की ‘पत्त्यावर राहत नाही’ असा शेरा मारलेले माझे चार अंक त्यांनी जपून ठेवले आहेत. ते त्यांनी पुन्हा पाठवले, टपालखर्चही घेतला नाही.

जुने अंक रद्दीत देऊ नयेत. वर्षाचे सहा अंक झाले की ते एकत्र बांधून घ्यावेत; जुन्या नाशकात वह्या-पुस्तके बांधून देणारे कारागीर अजून आहेत. ज्या अंकाला मधोमध पिना मारलेल्या असतात त्यांच्या पिना आधी काढून घ्याव्यात, कारण पावसाळ्यात त्या गंजतात आणि मधल्या पानावरच्या कवितेवर तांबडा डाग पडतो. पुठ्ठ्याच्या कण्यावर नियतकालिकाचे नाव आणि वर्ष लिहून घ्यावे. बांधणाऱ्याची सवय मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची असते. ती काढू नयेत, असे त्याला काम देतानाच बजावून सांगावे आणि शक्यतो कागदावर लिहून द्यावे, कारण महिना, अंकाचा क्रमांक, वर्गणीचा दर आणि त्या वर्षी कोणत्या दुकानदाराने अर्ध्या पानाची जाहिरात दिली होती, हे सगळे तिथेच असते.